समोरच्या ओळीला कर कमी, आम्हाला जास्त: रहवासी संघानं नेमकं कुठे भांडायचं?

पश्चिम इंदूरमधल्या एका जुन्या कॉलनीतून एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं आहे. यंदा त्यांच्या घराचं संपत्ती कराचं बिल एकदम वाढलं. चौकशी केल्यावर कळलं की त्यांची ओळ वरच्या रेट झोनमध्ये, म्हणजे जास्त दराच्या विभागात, गेली आहे. रस्त्यापलीकडच्या ओळीत तेवढेच प्लॉट आणि तशीच घरं आहेत, पण ती जुन्याच झोनमध्ये राहिली. रहवासी संघाच्या बैठकीत तरुण मंडळी म्हणतात, सगळ्यांनी मिळून कर भरायचाच नाही. काहींना थेट हायकोर्टात जायचं आहे, तर उरलेल्यांना आमदारांकडे निवेदन द्यायचं आहे. मोहिमेचे संयोजक म्हणून सर्वांनी या गृहस्थांचं नाव पुढे केलं आहे. त्यांची अडचण वेगळीच आहे. वरच्या मजल्यावर त्यांनी बांधलेल्या दोन खोल्यांत कोचिंगचे विद्यार्थी भाड्यानं राहतात आणि नगर निगमच्या (महापालिकेच्या) खात्यात तो मजला नोंदलेला नाही. ते विचारतात, ‘आम्ही प्रामाणिक करदाते, वर्षानुवर्षं वेळेवर भरणारी माणसं. बोजा आमच्यावरच का? आणि अशा स्थितीत मी पुढे व्हावं की नाही?’

सप्रेम नमस्कार.

आधी बहिष्काराबद्दल लिहितो, कारण तो रस्ता धरला तर पुढचं काहीच कामाला येणार नाही. कर थकवला की निगम वाकेल, हा समज खरा नाही आणि तो महाग पडतो. मालक स्वतः राहतो त्या घराला आपल्याकडे संपत्ती करात निम्मी सूट आहे. त्या वर्षाचा कर ३१ मार्चच्या आत भरला तरच ती टिकते. तारीख उलटली की सूट जाते, तोच कर दुप्पट होऊन थकबाकीत बसतो आणि त्यावर अधिभार चढतो. म्हणजे वाढलेल्या झोनमुळे जेवढं नुकसान झालं, त्याहून मोठं नुकसान आपण आपल्या हातानं करून घेणार. शिवाय थकबाकीदारांच्या यादीत नाव असलेला माणूस महापौर परिषदेसमोर (महापौर आणि निवडक नगरसेवकांची समिती) न्याय मागायला गेला, तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाईल.

निषेध नोंदवायचा असेल तर कर भरा आणि त्याच दिवशी झोन ऑफिसात एक पानी पत्र द्या: ‘खाते क्रमांक अमुक, भरणा पावती क्रमांक अमुक, रेट झोन बदलाबद्दलची माझी हरकत राखून हा कर भरत आहे.’ ऑनलाइन भरताना असं काही लिहायला जागा नसते, म्हणून हे पत्र वेगळं द्यावं लागतं. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. कॉलनीतल्या पन्नास घरांनी अशी पन्नास पत्रं दिली तर ती पन्नास नोंदी होतात. पन्नास थकबाक्या मात्र वसुलीच्या यादीतल्या पन्नास ओळी ठरतात.

ज्या शेजाऱ्यांची जुनी थकबाकी आहे, त्यांना राष्ट्रीय लोक अदालतीची तारीख सांगून ठेवा. मध्यप्रदेशात तिथे अधिभारावर सवलत मिळत आली आहे: कर आणि अधिभार मिळून बाकी ५०,००० रुपयांपर्यंत असेल तर अधिभार पूर्ण माफ, ५०,००० ते १ लाखापर्यंत निम्मा, त्यापुढे २५ टक्के. सवलत फक्त अधिभारावर असते, मूळ करावर नाही. हे बैठकीत स्पष्ट सांगा, नाहीतर लोक ‘करमाफी’ समजून येतात आणि चिडून परततात.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘बोजा आमच्यावरच का’ या तुमच्या वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत. माझ्या घराचं माप किंवा वापर चुकीचा लागला, ही पहिली. माझी गल्ली चुकीच्या झोनमध्ये टाकली, ही दुसरी. शहरातले दरच जास्त आहेत, ही तिसरी. पहिलीचा निकाल झोन ऑफिसात लागतो, दुसरीचा महापौर परिषद आणि निगम परिषदेत (सर्व नगरसेवकांच्या सभेत), तिसरीचा बराचसा भोपाळात, राज्य सरकारकडे. तिन्ही एकाच निवेदनात घातल्या की प्रत्येक टेबलावरचा माणूस म्हणतो, ‘हे आमच्याकडे येत नाही.’ बहुतेक निवेदनं तिथेच संपतात.

म्हणून प्रत्येक घराचं बिल आधी उलगडून बघा. आपला कर स्वनिर्धारणाचा आहे, म्हणजे मालक स्वतः हिशेब करून विवरण भरतो. बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले त्या रेट झोनचा प्रति चौरस फूट वार्षिक दर, त्यातून मूल्य निघतं. त्यावर ठरलेल्या टक्क्यानं कर बसतो आणि मालक राहत असेल तर तो निम्मा होतो. हिशेब समजावा एवढ्यासाठीच साधे आकडे घेऊ. १,००० चौरस फुटांचं घर, दर १४ रुपये, कर १० टक्के. मूल्य १४,०००, कर १,४००, निम्मी सूट धरून ७००. झोन बदलून दर २० रुपये झाला तर मूल्य २०,०००, कर २,०००, निम्मा १,०००. म्हणजे वाढ साधारण ४३ टक्के. पण झोन तोच राहून निम्मी सूट तेवढी सुटली, तर ७०० चे थेट १,४०० होतात.

तेव्हा ज्या घराचा संपत्ती कर बरोब्बर दुप्पट झाला आहे, तिथे झोन नव्हे, आधी सूट तपासा. ती सुटण्याची कारणं नेहमीची आहेत. खातं अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे आणि नामांतरण झालेलं नाही. मागच्या वर्षीचा भरणा एप्रिलमध्ये गेला. विवरणात ‘स्वतःचा निवास’ हा पर्याय भरलाच नाही. किंवा पुढच्या खोलीतल्या छोट्या दुकानामुळे सगळं घर व्यावसायिक धरलं, जेव्हा तेवढाच भाग व्यावसायिक धरायला हवा होता. या चुका मोहीम न करताच सुटतात. रजिस्ट्री, नामांतरणाचे कागद, वीजबिल आणि जुन्या पावत्या घेऊन झोन ऑफिसात जावं लागतं, एवढंच. विधवा, अल्पवयीन आणि अपंग मालकांसाठी कायद्यात वेगळ्या सवलती आहेत. कॉलनीत असं कोणी असेल तर त्यांचा अर्ज याच वेळी करून घ्या.

बिलात संपत्ती कराची ओळ वेगळी असते. समेकित कर, शिक्षा उपकर, नगरीय विकास उपकर, जल कर, कचरा शुल्क या ओळी तुलनेत घेऊ नका. बैठकीत कोणी म्हणतो ‘माझं बिल आठ हजार, त्याचं पाच’, आणि फरक निघतो नळाच्या जुन्या थकबाकीचा. निगमच्या राजस्व (महसूल) विभागासमोर असा एक चुकीचा आकडा गेला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

उरलेली घरं, म्हणजे ज्यांची वाढ निव्वळ झोनमुळे आहे, ती तुमच्या मोहिमेचा खरा आधार. त्यांचा एक तक्ता करा: रस्त्याच्या दोन्ही बाजूंची मिळून किमान २५ ते ३० घरं. प्रत्येकाचा रेट झोन, मजल्यानुसार क्षेत्रफळ, छताचा प्रकार, वापर, आणि फक्त संपत्ती कराची गेल्या वर्षीची व यंदाची रक्कम. शेवटच्या रकान्यात कर भागिले चौरस फूट. एकूण बिलापेक्षा हा शेवटचा रकानाच बोलतो. छताचा रकाना गाळू नका. आरसीसी आणि पत्र्याला दर वेगळा असतो, आणि समोरच्या ओळीत चार घरं पत्र्याची निघाली तर तुमची तुलना तिथल्या तिथे पडते. सोबत रस्त्याचा हातानं काढलेला नकाशा जोडा: रुंदी, दिवे, ड्रेनेज, मुख्य रस्त्यापासूनचं अंतर. कारण कायद्यानं दर ठरवताना बघायच्या गोष्टी याच आहेत: परिसर, रस्त्यावरचं स्थान, वापर, बांधकामाचा प्रकार. दोन्ही ओळींत या सगळ्या सारख्या असतील आणि झोन तेवढा वेगळा असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

यात एक गृहीतक मात्र तपासून घ्या. समोरची ओळ कमी भरते म्हणजे आपल्याला जास्त लावला, असं तुम्ही धरून चालला आहात. समोरच्यांना कमी लावला गेला असण्याचीही तेवढीच शक्यता आहे. तुम्ही समानता मागितली आणि निगमनं त्यांनाही वरच्या झोनमध्ये नेलं, तर न्याय होईल, पण तुमचं बिल तसंच राहील आणि समोरचे शेजारी आयुष्यभर बोलणार नाहीत. म्हणून समोरच्या ओळीला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या, आणि मागणी ‘आमचा कर कमी करा’ अशी न ठेवता दोन गोष्टींची ठेवा. झोनची सीमा कोणत्या निकषावर आखली ते लेखी द्या. आणि झोन बदलायचाच असेल तर वाढ एका दमात न लावता टप्प्याटप्प्यानं लावा. ही मागणी दोन्ही ओळींना सही करण्याजोगी आहे.

निकष मिळवायला माहितीचा अधिकार वापरा. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘आमचा झोन का बदलला?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही आणि अर्ज तेवढ्यावरच परत येतो. कागद मागा: रेट झोन निश्चित करणाऱ्या परिषदेच्या ठरावाची प्रत, आपल्या वॉर्डाची मागच्या आणि चालू वर्षाची रेट झोन यादी, बदलाचा प्रस्ताव आणि त्यावरची राजस्व विभागाची टीप, सर्वेक्षण झालं असेल तर आपल्या कॉलनीपुरता त्याचा अहवाल. शेवटी वॉर्डाची संपत्ती कराची मागणी आणि वसुली, दोन वर्षांची. एका अर्जात एवढंच पुरे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. ती तारीख अर्ज देतानाच कॅलेंडरवर लिहून ठेवा, बहुतेक लोक ती चुकवतात.

पार्षदांकडे (नगरसेवकांकडे) गेलात की बहुधा ऐकायला मिळेल, ‘वरून आदेश आहेत.’ हे अर्धं खरं आहे, आणि कोणतं अर्धं ते तुम्हाला माहीत हवं. मे २०२० मध्ये केंद्रानं राज्यांना जास्तीचं कर्ज काढायची मुभा देताना काही अटी घातल्या. त्यातली एक होती, शहरांच्या संपत्ती कराचे किमान दर जमिनीच्या गाइडलाइन दरांशी (रजिस्ट्रीसाठी सरकार ठरवतं ते दर) जुळते ठेवून अधिसूचित करा. ही सुधारणा पूर्ण करणाऱ्या पहिल्या दोन राज्यांत आंध्रप्रदेशासोबत मध्यप्रदेश होता. मग पंधराव्या वित्त आयोगानं शहरांच्या अनुदानासाठी हीच अट ठेवली: किमान दर अधिसूचित करा, आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगानं वाढवून दाखवा. तेव्हा किमान दराची चौकट खरंच वरून आली आहे. ती पार्षद बदलू शकत नाहीत आणि तुमच्या आमदारांना एकट्यालाही ते जमणार नाही. पण कोणती गल्ली कोणत्या झोनमध्ये बसते, हा निर्णय इंदुरातच होतो. भांडण तिथे करा. ‘दर कमी करा’ ऐवजी ‘आमच्या गल्लीची नोंद तपासा’ हे पार्षदांच्या आवाक्यातलं काम आहे, आणि माणूस आवाक्यातलं काम करायला तयार होतो.

गाइडलाइनचा विषय निघालाच आहे, तर जिथे फारसं कोणी फिरकत नाही असं एक दार दाखवतो. कलेक्टर गाइडलाइनचा मसुदा उप जिल्हा मूल्यांकन समितीपासून जिल्हा मूल्यांकन समितीकडे आणि तिथून भोपाळच्या केंद्रीय मूल्यांकन मंडळाकडे जातो. नवे दर लागू होण्याआधी त्यावर सूचना आणि हरकती मागवल्या जातात. घरमालकांना गाइडलाइन आठवते ती रजिस्ट्रीच्या दिवशी. करही तिच्याशी बांधला गेला असल्यानं आता दर हिवाळ्यात रहवासी संघानं आपल्या कॉलनीची ओळ वाचली पाहिजे. तिथे एक ताण मात्र आहे. ज्यांना घर विकायचं किंवा गहाण ठेवून कर्ज काढायचं आहे, त्यांना गाइडलाइन कमी झालेली नको असते. संघाच्या नावानं हरकत देण्याआधी हे बैठकीत उघड बोलून घ्या, नाहीतर सही केलेलेच लोक नंतर हात वर करतील.

वेळेचंही बघा. बिल एप्रिलनंतर हातात पडतं आणि आपण तेव्हा जागे होतो, पण पुढच्या वर्षाचे दर आणि झोन त्याआधी, बजेटच्या तयारीत ठरतात. तक्ता, नकाशा आणि माहिती अधिकारातले कागद घेऊन पार्षद आणि महापौर परिषदेचे राजस्व प्रभारी यांना भेटायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीत. शेजारच्या दोन-तीन कॉलन्यांतही अशीच सीमारेषा मध्येच कापली असेल, तर त्यांचे तक्ते जोडा. ८५ वॉर्डांच्या शहरात एका गल्लीची तक्रार सहज बाजूला पडते. चार कॉलन्यांमधून एकच नमुना दिसला तर तो प्रस्तावात आलेला दोष आहे हे नाकारता येत नाही. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार जरूर करा, पण ती नामांतरण किंवा सुटलेल्या सवलतीसारख्या एकेका घराच्या कामासाठी. झोनचा प्रश्न तिथे टाकला तर ‘धोरणात्मक विषय’ म्हणून तक्रार बंद होते. मंगळवारच्या जनसुनवाईत (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात ती बैठक) मात्र झोनचं निवेदन द्या; तिथला आवक क्रमांक पुढे उपयोगी पडतो.

हायकोर्टाचं थोडक्यात. इंदूर खंडपीठात रिट दाखल करता येते, पण कोर्ट सहसा ‘दर जास्त आहे का’ हे बघत नाही; कायद्याप्रमाणे झालं का आणि तुम्ही आधी उपलब्ध दारं ठोठावली का, हे बघतं. मुंबईचं उदाहरण घ्या. तिथल्या मालमत्ताधारकांच्या संघटनेनं महापालिकेच्या भांडवली मूल्याच्या नियमांना आव्हान दिलं. हायकोर्टानं २०१९ मध्ये त्यातले काही नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल कायम ठेवला. जमिनीवर अजून न झालेल्या, भविष्यातल्या बांधकामाची क्षमता धरून कर लावता येणार नाही, हा त्यातला गाभा. कर फार आहे म्हणून ते जिंकले नाहीत. नियम कायद्याच्या बाहेर गेले होते म्हणून जिंकले. तेही अनेक वर्षांनी. तुमच्या हाती आलेल्या कागदांत झोन बदलाला परिषदेचा ठरावच नसेल, तर वकिलाकडे जायला कारण आहे. तोवर संघाचे पैसे फायलीवर घालवू नका.

राहिला तुमच्या वरच्या मजल्याचा प्रश्न. तो तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा संकोचानं लिहिला आहे, पण माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. वरच्याच आकड्यांत बघा: खालचे १,००० चौरस फूट, स्वतःचा निवास, कर १,०००. वरच्या दोन खोल्या समजा ४०० चौरस फूट, भाड्यानं दिलेल्या, म्हणून निम्मी सूट नाही: मूल्य ८,०००, कर ८००. खरा कर १,८०० आणि भरला जातो १,०००. स्वनिर्धारणात १० टक्क्यांपर्यंतचा फरक कायदा दुर्लक्षित करतो. त्याहून जास्त निघाला तर फरकाच्या पाचपट शास्ती आहे, म्हणजे या उदाहरणात एका वर्षाचे ४,००० रुपये. तुम्ही पुढे झालात तर तुमचं घर मोजलं जाईल ही भीती खरी आहे. पण मागे राहिलात तरी ते कधीतरी मोजलं जाणारच आहे.

म्हणून मोहिमेचं पहिलं निवेदन देण्याआधी स्वतः सुधारित विवरण भरा. वरचा मजला बाहेरून मोजा, भिंतींची जाडी धरून; आतल्या फरशीचं माप दिलंत तर पुन्हा फरक निघेल. जिना आणि बाल्कनी कशी धरायची ते झोन ऑफिसातून लिहून घ्या. नोटीस येण्याआधी स्वतः नोंद करणारा आणि सर्वेक्षणात सापडलेला, या दोघांकडे अधिकारी एकाच नजरेनं बघत नाहीत, आणि आदेश निघाला तरी अपिलात तुम्हाला सांगायला काही असतं. नोटीस आलीच तर पाकीट फेकू नका, मुदत ती हाती आल्याच्या तारखेपासून मोजली जाते. कर भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही, तो विषय निराळा आहे. नकाशा मंजूर नसेल तर परवानाधारक आर्किटेक्टला प्रशमनाबद्दल (शुल्क भरून बांधकाम नियमित करून घेण्याबद्दल) वेगळं विचारा आणि दोन्ही कामं एकाच अर्जात मिसळू नका.

तुम्ही ‘प्रामाणिक करदाते’ लिहिलं आहे. वेळेवर भरण्याबाबत ते खरंच आहे, आणि मजल्याची नोंद झाली की बाकीचंही खरं होईल. कॉलनीत असे मजले आणखी असतील, विद्यार्थ्यांना खोल्या देणारी घरं तर पश्चिम इंदुरात गल्लोगल्ली आहेत. बैठकीत कोणाचं नाव न घेता एवढंच सांगा की ज्यांना विवरण दुरुस्त करायचं आहे, त्यांनी तक्ता निगमकडे जाण्याआधी पंधरा दिवसांत करून घ्यावं, आणि ज्यांचं दुरुस्त नाही त्यांची घरं तक्त्यात येणार नाहीत. काही लोक गळतील. २५ घरं निर्दोष नोंदींची उरली तरी चालेल. निगमच्या माणसानं त्यातलं कोणतंही एक घर फीत लावून मोजलं तरी तक्ता टिकला पाहिजे.

संयोजक व्हा. फक्त कागद सांभाळायला दुसरा माणूस नेमा, कारण निवेदनं, आवक क्रमांक आणि अपिलाच्या तारखा एकाच वहीत ठेवणं हे वेगळं काम आहे. या आठवड्यात आधी विवरण दुरुस्त करा, मग माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तक्ता भरायला सुरुवात समोरच्या ओळीतल्या पहिल्या घरापासून करा.